लेखन-शंका : मालिकेचा नमुना भाग कुठे फसतो?

चालू मालिकेचा एखादा भाग कुणी न सांगता, मोबदल्याशिवाय लिहायचा आणि आपल्या लेखनाची वानगी म्हणून दाखवायचा, याला टीव्हीच्या धंद्यात 'स्पेक स्क्रिप्ट' म्हणतात. या महिन्यातली बहुतेक पत्रे त्याविषयीच आहेत.

प्रश्न : मी उत्सवी रंगभूमीसाठी आणि कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेसाठी बरीच वर्षे लिहितो. एका मराठी मालिकेचा नमुना भाग लिहिला. त्यात नायिकेची लहानपणी हरवलेली बहीण परत येते आणि शेवटी सासूचे गुपित फुटते. "हा भाग त्या मालिकेचा वाटत नाही" एवढेच सांगून वाचणाऱ्याने तो परत दिला. चुकले काय?
— एक नाटककार, फोंडा

उत्तर : बहीणही चुकली आणि गुपितही. नमुना वाचणारा मुख्यतः एकच गोष्ट तपासत असतो : दुसऱ्याने घडवलेली माणसे तुमच्या हातात तशीच बोलतात-वागतात का. नवे पात्र आणले की ताकदीचे सगळे प्रसंग तेच खाऊन टाकते, आणि ते बरोबर उतरले की नाही हे ताडून पाहायला वाचणाऱ्याकडे काहीच नसते. गुपिताचे दुखणे वेगळे. दैनंदिन मालिकेत असे गुपित म्हणजे महिनोन्‌महिने पुरवून वापरायचा ट्रॅक, म्हणजे कथेचा लांब धागा. ते कधी फोडायचे हे वाहिनी आणि कथालेखक ठरवतात. लग्न, मृत्यू, घर सोडणे हेही त्याच रांगेतले. भाग सुरू होताना जो जिथे होता तिथेच तो शेवटी सापडला पाहिजे. मध्ये त्याची तारांबळ कितीही उडू दे.

विषय लहान घ्या. सासूला मोतीबिंदूचे ऑपरेशन सांगितले आहे, पण मंगळागौर पार पडेपर्यंत तिला ते कुणाला कळू द्यायचे नाही. एवढ्यावर भाग उभा राहतो, कारण घरातला प्रत्येक जण त्यात आपापल्या स्वभावाने घोळ घालू शकतो.

आता नाटकाच्या सवयीबद्दल. रंगमंचावर पात्र आत येते, टेकते, पाणी पिते, मग मुद्द्यावर येते. मालिकेत प्रवेश मुद्द्याच्या उंबऱ्यावरच सुरू करा. अर्ध्या तासाचा हिशेब असा : नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटे जाहिराती आणि वाहिनीचे प्रोमो, म्हणजे अर्ध्या तासात ६. शीर्षक, मागच्या भागाची आठवण आणि पुढची झलक वजा करा. हातात २० ते २२ मिनिटे उरतात. त्यात दोन-तीन मिनिटांचे सात-आठ प्रवेश बसतात. आणि प्रेक्षकाला धरून ठेवणारा हुक प्रत्येक ब्रेकच्या आधी हवा. नाटककार तो शेवटच्या पडद्यासाठी राखून ठेवतात आणि पहिल्या ब्रेकलाच प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीवर जातो.

प्रश्न : घरी आम्ही कोकणी बोलतो, लिहिणे-वाचणे मात्र पहिल्यापासून मराठीत. माझे संवाद वर्तमानपत्रासारखे वाटतात असे मित्र म्हणतात. उपाय काय?
— एक शिक्षिका, साखळी

उत्तर : गोव्यातून येणाऱ्या नमुन्यांत ही सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी अडचण आहे. तुमची मराठी शुद्ध आहे, पण ती डोळ्यांनी शिकलेली आहे. म्हणून पात्र "मी तुला याबाबत पूर्वकल्पना दिली होती" असे म्हणते. मालिकेतली बाई "सांगितलं होतं ना तुला" म्हणून मोकळी होते. संवादात 'केले, गेले, माझे' नको, 'केलं, गेलं, माझं' हवे. वर्णनात तुम्हाला हवे ते ठेवा.

कोकणीच्या काही खुणा नकळत उतरतात. 'मला बरे दिसले' हे त्यातले नेहमीचे. मराठीत 'बरं वाटलं'. दुसरी जास्त महागात पडते. कोकणीत वडीलधाऱ्यांनाही सहज 'तूं' म्हटले जाते. पण पुण्या-मुंबईच्या घरातली सून सासूला 'तू' म्हणाली की वाचणाऱ्याला ती भांडणाची ठिणगी वाटते, आणि पुढचा प्रसंग शांत निघाला की तो गोंधळतो.

उपाय कष्टाचा आहे. त्या मालिकेचे तीन भाग निवडा आणि त्यांतले संवाद ऐकून जसेच्या तसे हाताने उतरवून काढा. मग पात्रागणिक एक कागद करा : कोण कुणाला अहो, अगं, नावाने की नात्याने हाक मारते, वाक्य साधारण किती शब्दांचे, राग आल्यावर बोलणे वाढते की तुटते, लकबीचा शब्द कोणता. लकबीचा शब्द भागात एकदाच वापरा. चार वेळा आला की ती नक्कल होते. शेवटी आपल्या हस्तलिखितातली पात्रांची नावे झाकून वाचा. कोण बोलतेय ते कळत नसेल, तर तो संवाद अजून कुणाचाच झालेला नाही.

प्रश्न : मालिकेतले कुटुंब गोव्याच्या सहलीला येते असा भाग लिहावा का? स्थानिक रंग तरी येईल.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नको. दैनंदिन मालिका कायम उभ्या असलेल्या सेटवर जगते : दिवाणखाना, स्वयंपाकघर, एखादे ऑफिस. बाहेरगावचे चित्रीकरण खर्चाचे, म्हणून ते निर्माता ठरवतो. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या कोरोना निर्बंधांमुळे बऱ्याच मालिकांनी बाडबिस्तरा गोव्यात हलवला होता आणि मे महिन्यात इथल्या परवानग्याही मागे घेतल्या गेल्या; ती हौस नव्हती, अडचणीतून काढलेली वाट होती. शिवाय सहलीच्या भागात मिरामारची चौपाटी आणि फेणीचा विनोद येतोच येतो. गोवा तुम्हाला ठाऊक आहे म्हणून तुमचा भाग सरस ठरत नाही, कारण तुमची परीक्षा त्या दिवाणखान्यात आहे. गोवा स्वतःच्या मालिकेसाठी राखून ठेवा.

प्रश्न : एक पान म्हणजे एक मिनिट हा नियम मराठीला लागू पडतो का?
— एक विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : नाही. तो अंदाज 'कुरिअर' नावाच्या टंकाच्या (फॉन्टच्या) १२ पॉइंटमधल्या इंग्रजी पानाचा आहे. तिथेही तो सरसकट नाही : एका कॅमेऱ्याच्या पद्धतीने होणारी अर्ध्या तासाची विनोदी मालिका साधारण तीस-पस्तीस पानांची, तर प्रेक्षकांसमोर अनेक कॅमेऱ्यांनी होणारी पंचेचाळीस-पन्नास पानांची, कारण तिच्यात संवाद दुप्पट ओळअंतराने टाइप करतात. देवनागरीत टंक बदलला की पानांची संख्या बदलते. तेव्हा मोबाइलवर स्टॉपवॉच लावून संवाद मोठ्याने वाचा, आणि जिथे कृती आहे तिथे ती मनात घडेपर्यंत थांबा. मजकूर २२ मिनिटांच्या पुढे गेला तर संवाद कापत बसू नका, एक अख्खा प्रवेश काढा.

टाइप युनिकोडमध्येच करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडते. पाठवताना पीडीएफ करा आणि ती आधी स्वतःच्या फोनवर उघडून जोडाक्षरे पाहा.

प्रश्न : तयार भाग त्याच मालिकेच्या निर्मात्याला पाठवू का? आधी नोंदणी करावी का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : त्याच मालिकेला पाठवू नका. त्यांनी पुढे तसाच प्रसंग केला तर तुम्ही चोरीचा आरोप कराल या भीतीने बरीच निर्मितीगृहे असे लेखन उघडतही नाहीत. शिवाय त्या पात्रांचे बारकावे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसतात, त्यामुळे तुमच्या चुका तिथेच सर्वांत आधी दिसतात. नमुना दुसऱ्या, पण त्याच धाटणीच्या मालिका करणाऱ्यांना दाखवा, आणि तोही त्यांनी मागितल्यावर.

पात्रे दुसऱ्याची असल्यामुळे हा भाग तुम्हाला विकता येत नाही. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेकडची नोंदणी, म्हणजे लेखन तुमचे असल्याची नोंद, तुमच्या स्वतंत्र कथेसाठी करा. नमुन्याबरोबर अशी एक स्वतंत्र संहिताही हाताशी हवीच, कारण पहिला आवडला की लगेच दुसरे मागतात. दैनंदिन मालिकेचा नमुना महिन्याभरात शिळा होतो, म्हणून पहिल्या पानावर एक ओळ लिहा : 'कथा अमुक तारखेच्या भागापर्यंतची धरली आहे.'