जिममधली ताकद मॅटवर किती उतरते?

MMA मध्ये, म्हणजे ठोसे आणि कुस्ती एकत्र असलेल्या लढतीत, बेंच प्रेसचा आकडा वाढला म्हणून ठोसा जड होत नाही रे. ठोसा पायातून निघतो, कंबर वळते, हात सगळ्यात शेवटी पोचतो. त्यामुळे आधी स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुल-अप आणि रोइंग पक्कं कर. टेकडाउन (समोरच्याला खाली पाडणं) आणि क्लिंचमध्ये (उभ्याने एकमेकांना धरून झुंजताना) हीच ताकद थेट कामाला येते. बायसेप कर्ल हवे तर कर, कोणी अडवलंय!

पकडीचं मात्र वेगळं बघावं लागतं. पुल-अप बारवर टॉवेल टाक, दोन्ही टोकं धरून लटक. समोरच्याचं मनगट शेवटच्या राउंडला हातातून का निसटतं, ते तिथेच कळेल.

आठवड्यातून दोन दिवस वजनं पुरेत. फॉर्म बसेपर्यंत हलकं, मग 3 ते 5 रेप्सचे (एका सेटमध्ये तितक्या वेळा उचलायचे) जड सेट, पण एक-दोन रेप्स शिल्लक असतानाच बार खाली ठेव. स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) आणि स्क्वॉट एकाच दिवशी आलं तर स्पारिंग आधी. पाय थकले की शूट करताना (समोरच्याच्या पायांवर झेपावताना) डोकं खाली जातं आणि समोरच्याला गिलोटिनसाठी (हाताने गळा आवळण्याच्या डावासाठी) मान आयतीच मिळते. दम वेगळा कमवावा लागेल; 5 मिनिटांचा राउंड डेडलिफ्टवर निघत नाही.