आदिम मानवाच्या सामाजिक व्यवहारांतून बौद्धिक विचार नेमका केव्हा उदयास आला?
याची एकच तारीख सांगता येत नाही. मात्र समूहजीवनातून प्रतीकात्मक विचार, म्हणजे एखाद्या वस्तूला वा खुणेला ठरावीक अर्थ देणे, घडल्याचे बऱ्यापैकी स्पष्ट पुरावे सुमारे १,४०,००० ते ७५,००० वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेत सापडतात. दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बोस गुहेत सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे, जाळीदार रेषा कोरलेले गेरूचे तुकडे आणि भोके पाडलेल्या लहान शंखांचे मणी मिळाले. मोरोक्कोतील बिझमून गुहेतले मणी त्याहूनही बरेच जुने आहेत. मण्याने पोट भरत नाही की थंडी अडत नाही. त्याचा अर्थ समोरच्याला उमगत असेल तरच तो घालण्यात काही मतलब, म्हणून मला कोरलेल्या रेषांपेक्षा मण्यांचा पुरावा अधिक बोलका वाटतो. अर्थात लाकूड, कातडे आणि बोललेला शब्द टिकत नसल्याने ही कालमर्यादा पुराव्याची आहे, विचाराच्या आरंभाची नव्हे.