एक्स्चेंज स्टुडंटला जपानमध्ये जेआर पास मिळतो का? नसेल तर स्वस्तात फिरायचं कसं?

स्टुडंट व्हिसावर जेआर पास (जपान रेल्वेचा हवं तितकं फिरण्याचा पास) मिळत नाही, तो पर्यटकांसाठी आहे. तुम्ही 'सेइशुन जूहाची किप्पू' घ्या, म्हणजे ठरावीक दिवस जेआरच्या साध्या गाड्यांनी हवं तितकं फिरण्याचं तिकीट. नावात 18 ('जूहाची') असलं तरी वयाची अट नाही. 3 दिवसांचं 10,000 येन, 5 दिवसांचं 12,050. विक्री फक्त सुट्ट्यांच्या हंगामात. चालतात फक्त लोकल आणि रॅपिड गाड्या. शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) भाडं वेगळं. तोक्यो-ओसाका जवळपास 9 तास, तेही आतामी, तोयोहाशी, माइबारा अशा स्टेशनांवर गाड्या बदलत.

जुन्या सल्ल्यांवर जाऊ नका. 2024च्या हिवाळ्यापासून दिवस सलगच वापरावे लागतात आणि एका तिकिटावर मित्रांना नेता येत नाही. म्हणून मध्ये आठवडाभर मुक्काम असेल तर सरळ रात्रीची बस पकडा, हॉटेलचाही खर्च वाचतो. जेवणासाठी रात्री सुपरमार्केटात '半額' म्हणजे निम्म्या किमतीचं स्टिकर शोधा.