‘लिझार्ड’ म्हणजे पाल की सरडा?

प्रश्न भाषांतरातला आहे: मूळ मजकुरात ‘लिझार्ड’ आहे, एका कोशात अर्थ पाल, दुसऱ्यात सरडा. बरोबर कोणता?

दोन्ही बरोबर, पण दोन्ही अपुरे. ट्यूबलाइटपाशी किडे टिपते ती पाल, कुंपणावर बसून मुंडी हलवतो तो सरडा, पाचोळ्यातून चकाकत सळसळते ती सापसुरळी, आणि घोरपड ती घोरपडच. या सगळ्यांना मिळून बोलीत एक शब्द नाही. संस्कृतातही पल्ली, सरट, गोधा वेगवेगळ्याच. प्राणिशास्त्राची मराठी पुस्तके सोयीसाठी सगळ्यांना ‘सरडे’ म्हणतात.

मला ही भाषेतली उणीव वाटत नाही. आज हयात असलेल्या सरीसृपांचे गट चार: कासवे, मगरी-सुसरी, न्यूझीलंडचा तुआतारा आणि चौथा सरडे व साप यांचा मिळून. म्हणजे साप हा सरड्यांच्याच फांदीला फुटलेला धुमारा. जनुकांवरून आखलेल्या वंशवृक्षात तर घोरपड पालीपेक्षा सापाला जवळची आहे. सापसुरळीला काही ठिकाणी ‘सापाची मावशी’ म्हणतात (बिचारी बिनविषारी असून मार खाते), पण तो मान खरा घोरपडीचा. तिची दुभंगलेली जीभ पाहिली की पटते.

‘पाय नाहीत तो साप’ हेही पुरेसे नाही, कारण बिनपायांचे सरडेही असतात. बघायचे ते पापणी आणि कान. सापाला मिटणारी पापणी नसते आणि बाहेरून कानाचे छिद्र दिसत नाही; बहुतेक सरड्यांना दोन्ही असते. घरातली पाल इथेही आडवी येते: तिला कान आहेत, पण डोळे मिटता येत नाहीत, म्हणून ती ते जिभेने पुसते.

बाकी गटांत शब्दाचा घोळ होत नाही. कासवाच्या बरगड्या कवचातच मिसळलेल्या असतात. मगरीचे हृदय चार कप्प्यांचे, आणि नात्याने ती सरड्यापेक्षा पक्ष्यांना जवळची.

तेव्हा भाषांतरात प्रसंग बघावा. भिंतीवर पाल, बागेत सरडा, वर्गीकरणाचा मजकूर असेल तर ‘सरडे’. इंडोनेशियातल्या कोमोडो ड्रॅगनला मी बेधडक ‘कोमोडोची घोरपड’ म्हणेन, कारण तो त्याच कुळातला आहे. तुआताराला मात्र सरडा म्हणू नये, दिसायला कितीही तसा असला तरी. त्याच्या वरच्या जबड्यात दातांच्या दोन ओळी असतात आणि खालची ओळ त्यांच्या मधल्या खाचेत बसते. अशी ठेवण एकाही सरड्यात नाही. त्याचे माओरी नावच ठेवावे.