हुतात्मा कोण होते? (मिहूच्या प्रश्नाचं उत्तर)

मिहू,

काल आजीने मुंबईच्या नव्या मेट्रोचा फोटो पाठवला ना, त्यावरची हुतात्मा चौक स्टेशनची पाटी वाचून तू विचारलंस की हुतात्मा कोण होते, आणि आपण मराठी लोक स्टेशनला मेलेल्या माणसांचं नाव का देतो. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितोय.

हुतात्मा हे कुणा एकाचं नाव नाही गं. एखाद्या कारणासाठी ज्याने जीव दिला तो हुतात्मा, आणि इथे ते शंभरावर आहेत.

त्या जागेला आधी सगळे फ्लोरा फाउंटन म्हणायचे, 1864 चं कारंजं आहे तिथे, वर फ्लोरा नावाच्या रोमन देवीचा पुतळा. आता 1955 मध्ये काय झालं, तर भाषेप्रमाणे राज्यं करायची असं चाललं होतं पण मराठी लोकांना मुंबईसकट महाराष्ट्र द्यायला दिल्ली तयार नव्हती, आणि मुंबईत गिरण्यांमध्ये, गोदीत राबणारे हजारो लोक मराठी, ते म्हणाले हे कसं चालेल. 21 नोव्हेंबरला संप झाला, मोर्चा विधानसभेकडे निघाला आणि फाउंटनपाशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या, 15 माणसं गेली. जानेवारी 1956 मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवणार असं जाहीर झालं तेव्हा तर गिरगाव, लालबाग, परळ सगळं पेटलं, पुन्हा गोळीबार, पुन्हा माणसं गेली. 106 हुतात्मे हा आकडा आपल्याकडे लहानपणापासून कानावर असतो. त्यातले बहुतेक साधे लोक होते, कामगार, विद्यार्थी, कुणाचं नाव पेपरात कधी आलं नसतं असे. मला या नावाचं मोल त्यामुळेच वाटतं, स्टेशनं पुढाऱ्यांच्या नावाची खूप असतात, हे मोर्चात चालणाऱ्यांचं आहे.

शेवटी 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. मग चौकाला हुतात्मा चौक नाव मिळालं आणि कारंज्याशेजारी स्मारक उभं राहिलं, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. 1 मे आणि 21 नोव्हेंबरला लोक तिथे फुलं वाहतात, आजी मुंबईत असली की जातेच, आणि बस तिथून गेली तर खिडकीतूनच हात जोडते. तू मागे विचारलं होतंस ना की तिथे देऊळ नाही मग ती नमस्कार कुणाला करते, तर यांना.

आणि ऐक, याच मेट्रोवर वरळीला आचार्य अत्रे चौक स्टेशन आहे. अत्रे या लढ्यातले मोठे पुढारी, भाषणात हसवायचे पण आणि पेटवायचे पण, 1956 मध्ये त्यांनी मराठा नावाचा पेपर काढला तो याच लढ्यासाठी. दोन्ही स्टेशनं एकाच लाइनवर आली याचा मला फार आनंद झाला.

फाउंटन म्हटलं तरी मुंबईत कुणालाही कळतं, आजोबा अजून तेच म्हणतात. तू हुतात्मा चौक म्हण. डिसेंबरमध्ये गेलो की आजीबरोबर अत्रे चौकातून गाडी पकडू, वाटेत गिरगाव लागेल तेही बघून ठेव.

बाबा