डॉक्टरबाई गाव सोडून गेल्या, आता कोणाकडे जावे?

प्रश्न : माझे वय ४७ आहे. माझी दोन्ही बाळंतपणे करणाऱ्या मराठी डॉक्टरबाई गेल्या वर्षी दवाखाना बंद करून मुलाकडे परगावी गेल्या. सात-आठ महिन्यांपासून माझी पाळी दहा-दहा दिवस चालते. एका नव्या दवाखान्यात सोनोग्राफीत गर्भाशयात चार सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ दिसली आणि पाच मिनिटांत ‘बच्चेदानी निकलवा लीजिए’ असे सांगण्यात आले. माझा विश्वास बसत नाही. शिवाय या गोष्टी हिंदीत बोलताना जीभ अडखळते. नवी डॉक्टर कशी शोधावी?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : तासातासाला पॅड बदलावा लागत असेल किंवा उभे राहताच चक्कर येत असेल, तर शोधाशोध न करता थेट रुग्णालय गाठा. तसे नसेल तर दोन-तीन आठवडे शोधात घालवायला हरकत नाही. त्याहून अधिक लांबवू नका.

बाईंना तुमच्याविषयी जे ठाऊक होते, ते बहुतेक त्यांच्या डोक्यातच होते आणि त्यांच्याबरोबर तेही गेले. म्हणून ते आधी स्वतःच एका कागदावर उतरवा : बाळंतपणे कशी झाली, टाके किंवा सिझेरियन होते का, मागील सहा पाळ्यांच्या तारखा आणि दिवस, रोजची औषधे, मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, आणि आई, मावशी, बहीण यांपैकी कोणाला स्तनाचा, अंडाशयाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला होता का. नव्या दवाखान्यातील सोनोग्राफीचा अहवाल तुमच्याजवळ नसेल तर मागून घ्या; रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावीत, असा वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे.

भाषेची अडचण मी क्षुल्लक मानत नाही. आपल्याकडे बाजारहाट आणि कचेरी हिंदीत चालते, पण ‘अंगावरून जाते’ किंवा ‘अंग बाहेर येते’ हे शब्द आपण आईकडून मराठीतच ऐकलेले असतात, आणि नेमक्या त्याच जागी हिंदी सुचत नाही. त्याच कागदावर लिहून ठेवा : ‘ख़ून ज़्यादा जाता है’, ‘सफ़ेद पानी’, ‘बच्चेदानी नीचे आती है’. बोलता आले नाही तर कागद पुढे करावा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

डॉक्टर निवडताना पदवी पाहा, पण केवळ अक्षरांवर थांबू नका. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम. डी., एम. एस., डी. एन. बी. किंवा डी. जी. ओ. असते, आयुर्वेदातही याच विषयात एम. एस. असते, म्हणून पदवीचा विषय आणि नोंदणी करणारी परिषद (ॲलोपॅथीची की आयुर्वेदाची) दोन्ही पाहावीत. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असणे बंधनकारक आहे. गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न कमलाराजा रुग्णालय स्त्रिया व मुलांसाठीच आहे. तिथे गर्दी असते आणि शिकाऊ डॉक्टरही तपासतात, हे खरे. तरी दुसऱ्या मतासाठी मी तिथेही जाण्याचा सल्ला देईन. डॉक्टर पुरुष असतील तर तपासणीच्या वेळी सोबत स्त्री असण्याचा आग्रह धरा, तो तुमचा हक्क आहे.

आता शस्त्रक्रियेविषयी. चार सेंटिमीटरची गाठ हे एकटे कारण गर्भाशय काढण्यास सहसा पुरेसे नसते. अशा गाठी पाळी कायमची थांबल्यावर बहुधा लहान होतात. पंचेचाळिशीनंतर इतका रक्तस्राव होत असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासणे आवश्यक असते, कारण रक्तस्रावाचे मूळ गाठीत नसून अस्तरातही असू शकते. हे न पाहताच शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्यांना मी तरी नमस्कार करून बाहेर पडले असते. नव्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : गाठ नेमकी गर्भाशयाच्या कोणत्या भागात आहे, गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचे हॉर्मोनचे साधन आधी वापरून पाहता येईल का, आणि शस्त्रक्रिया करावीच लागली तर अंडाशय ठेवणार की काढणार. शेवटचा प्रश्न बायका विचारायचे विसरतात, पण पाळी चालू असताना दोन्ही अंडाशय काढले तर रजोनिवृत्ती एकदम येते आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. उत्तर देताना डॉक्टर कागद ओढून चित्र काढून समजावू लागल्या, तर पुढची वेळ त्यांच्याकडेच घ्या.