दहा तारखेचं दूध गेलं कुठं?

प्रश्न : ताई, गावच्या दूध संकलन केंद्राचा हिशोब मी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवतो. बिल दर दहा दिवसांनी निघतं. ‘वेळ बिटवीन '२०२५-०२-०१' अँड '२०२५-०२-१०'’ अशी अट घालून खातेनंबरवर ग्रुप बाय केलं, म्हणजे खात्यागणिक वेगळी बेरीज. उत्पादक म्हणतात, लिटर कमी लागलेत. सरासरी फॅटही जुळत नाही. काय चुकलं?
– एक वाचक, ता. संगमनेर

उत्तर : उत्पादकांचं बरोबर आहे. तुमच्या ‘वेळ’ रकान्यात तारखेसोबत तास-मिनिटंही आहेत. नुसती १० तारीख लिहिली की डेटाबेस ती ००:०० वाजताची धरतो. म्हणजे नऊ तारीख संपली तिथंच तुमचं बिल थांबलं. दहाचं सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळचं दूध बाहेर राहिलं. अट अशी लिहा : वेळ >= '२०२५-०२-०१' अँड वेळ < '२०२५-०२-११'. तिसऱ्या, म्हणजे २१ तारखेपासूनच्या बिलाची वरची हद्द '२०२५-०३-०१'; मग महिना अठ्ठावीसचा की एकतीसचा, हे बघावंच लागत नाही.

माझी आई डेअरीला दूध घालायची. दोन्ही वेळचे लिटर वहीत मांडायची आणि बिल आलं की चुलीपुढं बसून बेरीज ताडायची. एका दिवसाचं दूध सुटणं म्हणजे काय, हे मी त्या वहीत पाहिलंय.

आता फॅट. तुम्ही नुसतं एव्हरेज काढलं असणार. सकाळी ६ लिटर ३.६ फॅटचं, संध्याकाळी ४ लिटर ४.१ चं, तर एव्हरेज ३.८५ येतं. पण दोन्ही वेळचे लिटर सारखे नाहीत, म्हणून सम(लिटर * फॅट) भागिले सम(लिटर) करा (सम म्हणजे बेरीज) : ३.८० येईल. हा आकडा फक्त बिलावर छापायला. त्यावरून दर कधीच काढू नका. दर त्या त्या वेळच्या फॅट आणि एसएनएफप्रमाणे (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) प्रत्येक ओळीला लावा आणि मग रकमेची बेरीज घ्या.

ज्याची गाय आटली त्याचं नाव यादीतून गळेल. त्याच्याकडे उचल बाकी असेल तर ते नाव हवं. त्यासाठी उत्पादकांच्या टेबलापासून लेफ्ट जॉइन करा (दुधाची नोंद नसली तरी नाव ठेवणारी जोडणी) आणि तारखेची अट व्हेअरमध्ये न घालता जोडणीच्या ऑनमध्ये घाला.

आणि हो, मागच्या प्रत्येक बिलात शेवटचा दिवस असाच सुटला असणार. दुरुस्त क्वेरी त्या तारखांवरही चालवा आणि ज्याचा जो फरक निघेल तो पुढच्या बिलात जमा करा.